सण बैलाचा, पण माळ कुणाचा?

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात ‘पारंपरिक दिन’ साजरा झाला, तो बहुतेकांना आठवत असेलच. मुलांनी धोतरे नेसून फेटे बांधले, मुली नऊवारी नेसून आणि नाकात नथ घालून आल्या, आणि पाहुण्यांची मिरवणूक प्रवेशद्वारापासून रंगमंचापर्यंत सजवलेल्या बैलगाडीतून निघाली. बैल पांढरेशुभ्र खिल्लार होते. पाठीवर आरशांच्या झुली, शिंगांना बेगड, शेंब्या आणि गोंडे, गळ्यात घुंगुरमाळा. त्या दिवशी जितकी छायाचित्रे त्या बैलांची निघाली, तितकी बक्षिसे मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांचीही निघाली नसतील!

मी त्या दिवशी स्वयंसेवक होतो आणि माझ्याकडे काम होते बैलगाडीचे. त्यामुळे छायाचित्रांत न आलेल्या दोन गोष्टी मला पाहायला मिळाल्या. पहिली ही, की ते बैल दहा-बारा किलोमीटरवरच्या आपल्या गावाहून चालत आलेले नव्हते. ते एका पिकअपमधून आले आणि त्यांची गाडी दुसऱ्या टेम्पोतून आली. दोनशे पावले चालण्यासाठी बैलांना मोटारीत बसून यावे लागले! मी गाडीवान मामांना कारण विचारले. ते म्हणाले, “हमरस्त्यानं बैल चालवायचा म्हंजी जिवाशी खेळ. आन् आतल्या गाडीवाटा होत्या, त्या कवाच नांगरल्या लोकांनी.”

दुसरी गोष्ट दुपारची. कार्यक्रम लांबला आणि मामांनी आणलेली वैरण संपली. त्याच दिवशी सकाळी माळीकाकांनी यंत्राने हिरवळ कापली होती आणि कापलेल्या गवताचा ढीग कुंपणाशी पडून होता. मामांनी विचारले, “त्यातलं थोडं घालू का बैलास्नी?” मी पहारेकऱ्यांकडे गेलो. त्यांनी कार्यालयाकडे बोट दाखवले आणि कार्यालयातले सगळे जण तर कार्यक्रमाला बसलेले! तासाभराने परवानगी मिळाली. तोवर ते दोन्ही सजलेले बैल ‘हिरवळीवरून चालू नये’ या पाटीशेजारी उभे होते.

यात कुणाचाच दोष नव्हता. कार्यक्रम नेटका झाला, सर्वांनी मनापासून कष्ट घेतले. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. बैलाला झूल घालणारे आपण, त्याला चालायला वाट आणि चरायला माळ ठेवला आहे का? आणि ठेवला नसेल, तर आपण नेमका सण कशाचा साजरा करतो? या प्रश्नावर मला जे वाटते ते या लेखात मांडतो आहे. प्राध्यापकवर्गाला त्यात उणिवा दिसतील. त्या त्यांनी जरूर दाखवाव्यात.

मी माणदेशातला. आमच्याकडे पाऊस कमी, माळ जास्त. शेतीचा भरवसा नाही, म्हणून पूर्वीपासून माणसाची मदार जनावरांवर. खिल्लार ही आमच्या भागाची जात. रंग पांढरा, अंग लांबसडक, शिंगे मागे वळून धनुष्यासारखी वर गेलेली, चाल चपळ. दुधाला ती कमी, पण उन्हात, खडकाळ रानात आणि अर्ध्या वैरणीवर राबायला तिच्यासारखे जनावर नाही. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषी यात्रेत या जनावरांचा मोठा बाजार भरत आला आहे. पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतला बाजारही तसाच नावाजलेला.

माझे चुलत आजोबा, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, ते तरुणपणी खोंडे घेऊन खरसुंडीला चालत जात. गावातले आठ-दहा जण मिळून तीस-चाळीस जनावरे हाकत निघायचे. दोन दिवसांची चाल. वाटेत ओढा, गायरान, बाजरी निघालेली मोकळी राने लागायची आणि जनावरे चरत चरत पुढे सरकायची. रात्री कुणाच्या तरी रानात मुक्काम. तो शेतकरी पैसे मागत नसे. उलट चहा पाजत असे, कारण रात्रभर चाळीस जनावरे त्याच्या रानात बसली की सकाळी शेणखत त्याचे. तात्या सांगतात, “बाजाराला पोचायचो तवा जनावर घरनं निघाल्यापरास तुकतुकीत दिसायचं.” मग बाजारात हेडे यायचे, दात बघायचे, आदत आहे की दोनदाती की जुळलेला ते ठरायचे, आणि रुमालाखाली बोटे धरून भाव व्हायचा.

तात्यांच्या या हकिकतीत मला एक अर्थशास्त्र दिसते. ते आपल्या पाठ्यपुस्तकात नाही म्हणून मुद्दाम सांगतो. जनावर चालते तेव्हा त्याचा वाटखर्च गवतावर भागतो. मुक्कामाचे भाडे शेणाने फिटते. ज्या माळावरून ते जाते, त्या माळाचे वाळके गवत मोडते, खत पडते, बी तुडवले जाऊन मातीत जाते. म्हणजे या व्यवहारात जनावराचा मालक, वाटेवरचा शेतकरी आणि माळ असे तिघेही काहीतरी मिळवत होते. आज तेच खोंड टेम्पोतून बाजाराला जाते. भाड्याचे पैसे मालकाच्या खिशातून जातात आणि वाटेवरच्या माळाला काहीच मिळत नाही.

‘खिल्लार’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी गुरांचा कळप असा आहे. जुन्या मराठीत खिल्लार म्हणजे एक बैल नव्हे, अनेक गुरे. पुढे ते एका जातीचे नाव झाले. मला हा शब्द फार अर्थपूर्ण वाटतो. कळप म्हटला की कुरण आले, वाट आली, पाणवठा आला, गुराखी आला. दावणीला बांधलेल्या एकट्या बैलाला यातले काहीच लागत नाही. त्याला फक्त वैरण लागते आणि ती विकत मिळते.

अशीच कथा ‘तांडा’ या शब्दाची. एकेकाळी लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजांनाही रसद पोचवणारे हेच लोक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली आणि तो व्यापार मोडला. आज तांडा म्हणजे गावाबाहेरची एक स्थिर वस्ती. चालणाऱ्या गोष्टीचे नाव थांबलेल्या गोष्टीला चिकटून राहिले. इतिहासाच्या तासाला आपण लढायांच्या सनावळ्या पाठ करतो, पण त्या लढायांना दाणा पुरवणाऱ्या बैलांच्या वाटा कोणत्या होत्या, हे विचारत नाही.

आता कुणी म्हणेल, काळ बदलला, ट्रॅक्टर आला, बैल जाणारच. हे मला मान्य आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशी गुरांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटली आणि संकरित गुरांची बरीच वाढली. यामागे शेतकऱ्याचा काही अविवेक नाही. एक बैलजोडी वर्षभर खाते आणि काम मोजक्या दिवसांचे असते. माझ्या वडिलांनी २०१८-१९ च्या दुष्काळात आमची जोडी आधी चारा छावणीत नेली आणि मग विकली. त्या पैशांतले काही पुढे माझ्या शिक्षणाला लागले. तेव्हा या लेखात मी कुणाला ‘बैल पाळा’ असा उपदेश करीत नाही. तो अधिकार मला नाही. सुटीत घरी गेलो तर दोन शेळ्यांमागेही मी फार वेळ फिरत नाही, हे माझी आई कुणालाही सांगेल!

पण गंमत अशी, की बैल कमी होत असताना बैलांचे उत्सव मात्र वाढत आहेत. आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो, विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावास्येला पोळा. आदल्या संध्याकाळी खांदमळणी होते, तूप-हळदीने बैलाचा खांदा चोळतात, त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी अंघोळ, रंग, पुरणपोळी आणि वेशीतून मिरवणूक. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. आता शहरांतल्या वसाहतींतही बैलपूजा होते. एक जोडी भाड्याने आणतात आणि शंभर कुटुंबे रांगेने तिला घास भरवतात. मला त्या भावनेची थट्टा करायची नाही. ज्यांच्या घरचा बैल एका पिढीपूर्वी गेला, त्यांना त्याची आठवण येते, हे चांगलेच आहे. पण अशाने हळूहळू सगळाच पोळा तान्हा पोळा होईल की काय, अशी धास्ती वाटते.

शर्यतींची गोष्ट थोडी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आपल्या वसतिगृहात या विषयावर किती रात्री वाद झाले ते मला आठवते. एक बाजू म्हणते, शर्यतीमुळे खिल्लार टिकली. दुसरी म्हणते, हा मुक्या जिवाचा छळ आहे. माझ्या मते दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. शर्यतीने भाव येतो तो मोजक्या चपळ खोंडांना. पण ते खोंड ज्या गाईच्या पोटी जन्मते, तिचे काय? ती दूध थोडे देते. तिला शर्यतीत पळवत नाहीत, मिरवणुकीत नेत नाहीत, तिचे पोस्टर लागत नाही. ती परवडायची तर तिचे पोट विकतच्या पेंडीवर नव्हे, माळावरच्या फुकटच्या गवतावर भरले पाहिजे. माळ गेला की आधी ती गाय विकली जाते आणि मग खोंड येणार कुठून? जात टिकवायची असेल तर वाद धावपट्टीवरून माळावर न्यायला हवा.

आणि माळाच्या बाबतीत आपण सुशिक्षित मंडळी निर्दोष नाही. मी स्वतः नाही. पहिल्या वर्षाला असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका गावाच्या गायरानात खड्डे खणून झाडे लावली. सात दिवस राबलो, घोषणा दिल्या, तारेचे कुंपण घातले. शेवटच्या दिवशी एक आजी दोन गाई घेऊन कुंपणापाशी आल्या. आम्हाला वाटले, कौतुक करायला आल्या. त्या म्हणाल्या, “झाडं लावा पोरांनो, पुण्य लागंल तुमास्नी. पर ह्या दोघींला आता कुठं न्हेऊ, तेवढं सांगा.” आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. अहवालात आम्ही लिहिले, ‘पडीक जमिनीवर वृक्षारोपण’. ती जमीन पडीक नव्हती. तिच्यावर मारवेल होते, पवना होते, कुसळी होती आणि त्या दोन गाई होत्या. इंग्रजांच्या सारापद्धतीत जिच्यावर महसूल मिळत नाही ती जमीन ‘पडीक’ ठरली. तो शब्द आम्ही बिनदिक्कत उचलला.

माळ म्हणजे झाडे नसलेले, बिघडलेले जंगल नव्हे. तो स्वतःच एक पूर्ण संसार आहे. चंडोल तिथे जमिनीवर घरटे करतो, लांडगा तिथे पिल्ले वाढवतो, काळवीट मोकळ्या रानातच सुरक्षित असतो. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. माळढोकाला दूरवर दिसणारी मोकळी जमीन लागते. दाट झाडी त्याच्या कामाची नाही. अशा मोकळ्या माळाला बेताने चरणारी जनावरे शत्रू नसतात. पुष्कळदा ती त्याची राखणदार असतात.

हे नुसते गावाकडचे भाबडे बोलणे वाटू नये, म्हणून राजस्थानातल्या भरतपूरचे उदाहरण देतो. तिथले केवलादेव हे पाणपक्ष्यांचे जगप्रसिद्ध ठिकाण. आसपासच्या गावांच्या म्हशी आणि गाई तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई एकदम बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, चकमक उडाली आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी प्राणाला मुकले. बंदी पक्ष्यांच्या हितासाठी होती, याबद्दल शंका नाही. पण पुढे काय झाले? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तिथे सुमारे दहा वर्षे अभ्यास केला, तेव्हा आढळले की म्हशी नसल्याने पाणथळीतले गवत बेसुमार माजले आहे. उघडे पाणी त्याने झाकून टाकले आणि त्याचा त्रास पक्ष्यांनाच होऊ लागला. ज्या म्हशींना नुकसान करणाऱ्या समजून हाकलले, त्याच त्या तळ्याची निगा राखत होत्या. नंतर गावकऱ्यांना आत जाऊन गवत कापून नेऊ द्यावे लागले. आज जगभर पर्यावरणाचे अभ्यासक काही ठिकाणी मुद्दाम जनावरे चारून माळ आणि पाणथळी सांभाळतात. आपल्याकडे हे ज्ञान गुराख्याकडे होते, पण तो अहवाल लिहीत नव्हता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चराई सदासर्वदा चांगलीच, असे मी म्हणत नाही. थोड्या जागेत फार जनावरे बारा महिने चरली, तर माळ उघडाबोडका होतो आणि पहिल्या पावसात माती वाहून जाते. असे माळ मी पाहिले आहेत. पण ते असे का झाले? गायरान निम्मे उरले आणि जनावरे उरलेल्या निम्म्यात कोंबली गेली. जुन्या पद्धतीत जनावर थांबत नव्हते, पुढे जात होते. मेंढपाळ दिवाळीनंतर खाली कोकणाकडे उतरतो आणि पावसाच्या तोंडाला परत फिरतो, तेव्हा माळाला विश्रांती मिळते. माळ जिवंत राहायचा तर जनावरांची संख्या, हंगाम आणि विसावा या तिन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्यासाठी गावाने एकत्र बसून ठरवावे लागते. आपण बेंदराची वर्गणी ठरवायला बसतो; चराईचे वेळापत्रक ठरवायला बसत नाही.

गायरानाचा विषय निघाला की आणखी एक अडचणीचा प्रश्न येतो. तो टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गायरानाची जमीन गेली, ती सगळी धनदांडग्यांनी गिळली असे नाही. मराठवाड्यात आणि इतरत्र कितीतरी भूमिहीन दलित कुटुंबे गायरान कसून पोट भरत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यामागे हीच भूक होती. ज्याला गावाने कधी एक वावर दिले नाही, त्याला ‘गाईसाठी जागा सोड’ म्हणून सांगायला मी तयार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश देताना भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या जमिनी आणि शाळा-दवाखान्यांसारख्या सोयी यांचा अपवाद केला होता. माझा आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीला. आमच्या गावच्या गायरानाचा मोठा तुकडा कुणाच्या पोटासाठी गेला नाही. कुणी मुरूम उपसला, कुणी बांध सरकवला, कुणी गोदाम उभे केले, आणि गावाने तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्याच माणसांनी बेंदराला मानाच्या बैलापुढे पहिला नारळ फोडला.

मग उत्सव बंद करावेत काय? मुळीच नाही. उत्सवाने काय साधता येते, याचे एक उदाहरण आपल्या ग्रंथालयात वाचताना मला सापडले. ते दूरच्या स्पेनमधले आहे, पण विचार करण्यासारखे आहे.

स्पेनमध्ये मध्ययुगापासून कळप उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांवर आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या सपाटीवर नेण्याची रीत होती. १२७३ मध्ये तिथल्या राजाने मेंढपाळांच्या संघाला सनद दिली आणि कळपांच्या वाटा राखीव झाल्या. पुढे आगगाडी आणि मोटारी आल्या, शहरे वाढली आणि त्या वाटा रस्त्यांखाली, इमारतींखाली जाऊ लागल्या. १९९४ पासून मेंढपाळांनी दर वर्षी ऑक्टोबरात आपले कळप थेट राजधानी माद्रिदच्या हमरस्त्यांवरून न्यायला सुरुवात केली. त्यात गाणी असतात, पारंपरिक वेष असतात, मुलांची गर्दी असते. अगदी आपल्या पारंपरिक दिनासारखे. पण एक फरक आहे. मिरवणुकीत मेंढपाळांचा प्रमुख महापालिकेला जुनी नाणी मोजून देतो, दर हजार मेंढ्यांमागे ५० या हिशेबाने, कारण १४१८ च्या करारात शहरातून जाण्याचा तेवढाच कर ठरला होता. शहर ते नाणे स्वीकारते, म्हणजे वाट मान्य करते. तिथे १९९५ मध्ये कायदा होऊन सुमारे सव्वा लाख किलोमीटरच्या या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षित झाल्या. पुढे २०१९ मध्ये ऑस्ट्रिया, ग्रीस व इटली या देशांची कळप-स्थलांतराची परंपरा युनेस्कोच्या वारसा-यादीत आली आणि २०२३ मध्ये स्पेनसह दहा देशांची मिळून ती नोंद झाली.

मला यातले मर्म असे वाटते, की त्या उत्सवात नुसती आठवण नाही, दावा आहे. ‘आम्ही पूर्वी इथून जात होतो’ एवढेच ते म्हणत नाहीत. ‘आम्हाला इथून जाण्याचा हक्क आहे’ असे म्हणतात आणि दर वर्षी चालून तो हक्क ताजा करतात. आपल्या शेतकऱ्याला ही भाषा चांगली कळते. वहिवाट मोडली की वाट गेली, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. मग आपला बेंदूर वेशीतून निघून फक्त देवळाकडे का जातो? तो एकदा गायरानाला वळसा घालून का जाऊ नये?

आपल्या हातात काय आहे, ते सांगून हा लेख संपवतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. असे वर्ष जाहीर झाले की आपल्याकडे निबंधस्पर्धा होतात. त्या व्हाव्यात, पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे पुढचे शिबिर ज्या गावात असेल, तिथे खड्डे खणण्याआधी आपण तलाठ्याकडून गावचा नकाशा आणि गायरानाचा सातबारा घ्यावा. गावातल्या जाणत्या माणसांना आणि गुरे राखणाऱ्या बायाबापड्यांना सोबत घेऊन ती जमीन पायी फिरावी. गाडीवाट कुठे होती, पाणंद कुठे अडली, गवत कोणते आहे, किती जनावरे आजही तिथे चरतात, हे लिहून काढावे आणि ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे. मराठी विभागाने तात्यांसारख्या माणसांकडून वाटांची, मुक्कामांची, गवतांची नावे नोंदवून घ्यावीत. ती माणसे आता थोडी उरली आहेत. इतिहास विभागाने जुन्या बाजारांच्या वाटांचा एक नकाशा करावा. यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत.

आणि पुढच्या पारंपरिक दिनाला बैलगाडी बोलवायचीच असेल, तर बैलांना चालत येऊ द्यावे. आपण वीस-पंचवीस जणांनी पहाटे त्या गावी जावे आणि मामांबरोबर आतल्या वाटेने, जिथवर ती शिल्लक आहे तिथवर, चालत यावे. जिथे ती नांगरलेली असेल तिथे थांबून, ती कुठून जात होती ते विचारावे. नांगरणाऱ्याशी भांडायला जायचे नाही. त्यालाही दोन शब्द बोलू द्यावेत. मिरवणुकीला उशीर झाला तरी चालेल.

हा लेख लिहून झाल्यावर मी माळीकाकांना भेटलो. कापलेल्या हिरवळीचे काय करता, असे विचारले. ते म्हणाले, पेटवून देतो. मी त्यांना मामांच्या गावाचे नाव सांगितले. त्यांची धाकटी बहीण त्याच गावात दिली आहे आणि तिच्याकडे एक खिल्लार गाय आहे. त्या शनिवारी पहिले पोते तिकडे गेले. प्राचार्यांनी त्यासाठी लेखी परवानगी दिली असून तिची एक प्रत मी जपून ठेवली आहे.

— तृतीय वर्ष, कला